बाळंतिणीच्या खोलीचें दार

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे पहिला तंटा त्याच्या नांवावरून होत नाहीं. त्याला कोणी उचलून घ्यावें, यावरून होतो. आत्या दारांत उभी असते, शेजारच्या काकू हात पुढें करून असतात, आजोबांना नातू मांडीवर हवा असतो, आणि डॉक्टरांनीं बजावून पाठविलेली बाळंतीण कसनुसें हंसून मुलाला छातीशीं धरून बसते. वडील मंडळी म्हणतात, "आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें, मुलें दहा हातांत वाढलीं." सुनेचा समज असा कीं, परक्याचा हात लागूं न देणें ही नव्या शास्त्राची शिकवण आहे. इतिहास पाहतां दोघांच्याही म्हणण्यांत अर्धेंच सत्य आढळतें.

बाळंतिणीच्या खोलीचें दार आपल्याकडे पूर्वापार बंदच होतें. नेपाळांत सांपडलेल्या पोथीवरून १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें काश्यपसंहिता प्रसिद्ध केली. बालरोगांवरील या प्राचीन ग्रंथांत 'रेवतीकल्प' नांवाचा एक अध्याय आहे. त्यांत जातहारिणी, म्हणजे जन्मलेलें मूल हरण करणारी, हिचें वर्णन असून ती कोणकोणत्या स्त्रियांच्या संसर्गानें घरांत शिरते याची लांबलचक यादीच ग्रंथकारानें दिली आहे. यादींतील जातिभेद आज कोणास रुचणार नाहीं. परंतु भेटीस येणाऱ्या माणसाबरोबर मृत्यूही आंत येऊं शकतो, ही धास्ती त्या ओळींमागें स्पष्ट दिसते. धर्मशास्त्रानें दहा दिवसांचें जननाशौच सांगितलें. घरगुती भाषेंत तें सोयेर. अंधारी खोली, शेगडी, ओव्याची धुरी, आणि आंतबाहेर करण्यास सुईण व एखादी जाणती बाई, एवढाच तेथील संसार. मनूनें जातकर्म नाळ कापण्यापूर्वी सांगितलें आहे, म्हणजे शास्त्राप्रमाणें बाप अगदीं प्रथमच मुलाजवळ यावा. परंतु रूढीनें त्यालाही उंबऱ्याबाहेर उभें केलें.

पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाई यावयाची. पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवून घरच्या बायका जागत बसत. मग बाराव्या दिवशीं बारसें. पाळण्याच्या दोन्ही अंगांस बायका उभ्या राहत आणि मूल एकीच्या हातांतून दुसरीच्या हातांत, पाळण्याच्या खालून व वरून, दिलें जाई. आत्या कानांत नांव सांगे आणि पाठीवर धपाटेही खाई. बारशास आपण नुसतें नांव ठेवण्याचा समारंभ समजतों. आमच्या मतें मुलाला गणगोताच्या हवालीं करण्याचाही तो विधि होता. दहा हात होते खरे, परंतु ते बाराव्या दिवसानंतरचे.

मात्र या बंदोबस्तांत एक भयंकर भगदाड होतें. ज्या एका हातास दार सदैव उघडें होतें, तो सुईणीचाच हात सर्वांत घातक होता. विळ्यानें किंवा बांबूच्या कामटीनें नाळ कापावी, वर राख लावावी, हा परिपाठ. त्या वाटेनें धनुर्वात शिरे, आणि तो बहुधा तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आंत प्रकट होई. सटवाईची रात्र याच मुदतींत यावी, हें आम्हांस केवळ योगायोगाचें वाटत नाहीं. त्या जागरणाला वेडगळ म्हणून हंसणाऱ्यांनीं तान्हीं मुलें नेमकीं केव्हां जात, तेंही पाहावें. धनुर्वाताचा जंतु जपानी शास्त्रज्ञ कितासातो यानें १८८९ सालीं वेगळा करून दाखविला. नवजात मुलांचा धनुर्वात भारतांतून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटला, अशी मान्यता जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं दिली.

हाताचा दोष युरोपांतही असाच उशिरां उमगला. १८४७ च्या एप्रिलांत व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांतील एका प्रसूतिविभागांत शंभरांत अठरा बाळंतिणी मरत होत्या. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी तेच हात घेऊन प्रसूतीस जात. सेमेलवाइस यानें मे महिन्यांत त्यांस चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें हात धुवावयास लाविलें. जूनमध्यें तें प्रमाण अडीचच्याही खालीं आलें. सहकाऱ्यांपैकीं कित्येकांस मात्र आपलेच हात दोषी आहेत हें ऐकवेना.

पुढें जंतूंचें ज्ञान झालें आणि लोक दुसऱ्या टोकास गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील रुग्णालयांनीं बाळें आईपासून काढून एका दालनांत ओळीनें मांडलीं. बापानें व आजीनें कांचेआडून पाहावें. न्यूयॉर्कचे बालवैद्य हॅरी बेकविन यांनीं १९४२ सालीं 'तान्ह्या मुलांचा एकटेपणा' या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. जंतु उडूं नयेत म्हणून तोंड बांधून हलक्या पावलांनीं वावरणाऱ्या परिचारिका, पाहुण्यांस मज्जाव, आणि तरीही न बाळसणारीं मुलें, असें तें चित्र होतें. त्यांच्या बेलव्ह्यू रुग्णालयांत, मूल उचलून घेतल्याशिवाय या दालनांत येऊं नये, अशा अर्थाची पाटी लागली. १९४५-४६ मध्यें रेने स्पिट्झ यांनीं एका अनाथालयाचा वृत्तांत दिला. अन्न, स्वच्छता, वैद्य यांची तेथें वाण नव्हती. परंतु आठ-आठ मुलांस एकच दाई, आणि पाळण्यांच्या कठड्यांवर चादरी. ९१ पैकीं एक-तृतीयांशाहून अधिक मुलें दोन वर्षांत दगावलीं. तुलनेस घेतलेल्या तुरुंगांतील बालगृहांत आया आपापल्या मुलांस कुरवाळीत असत. तेथें एकही गेलें नाहीं. स्पिट्झ यांच्या पद्धतीवर पुढें सडकून टीका झाली व ती अनाठायीं नव्हती. तथापि कांचेला तडा गेला तो गेलाच.

ती फुटली दारिद्र्यामुळें. कोलंबियाच्या बोगोटा शहरांतील सरकारी प्रसूतिगृहांत उबेच्या पेट्या अपुऱ्या होत्या. एकींत दोन-तीन बाळें, आणि एकाचा रोग दुसऱ्यास. १९७८ सालीं डॉक्टर एडगार रे सानाब्रिया यांनीं अपुऱ्या दिवसांचीं मुलें आईच्या उघड्या छातीशीं बांधण्याचा उपाय काढला. सहकारी मार्टीनेस यांनीं तो पुढें नेला. निरुपायाचा हा उपाय श्रीमंत देशांनींही उचलला. २०२१ सालीं भारतासह पांच देशांतील रुग्णालयांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अगदीं कमी वजनाचीं मुलें जन्मल्याबरोबर आईच्या, किंवा तिच्या जागीं दुसऱ्या नातलगाच्या, छातीशीं ठेविलीं, तेव्हां पहिल्या २८ दिवसांतील मृत्यु शंभरांत सुमारें सोळांवरून बारांवर आले. जगांत प्रतिवर्षीं अशीं किती मुलें जन्मतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या चारांचें मोल कळतें.

आतां दारांतील आत्येबाईंचें काय? त्यांस मज्जाव करावा, असें यांतून निघत नाहीं. त्यांनीं साबणानें हात धुवावे, खोकला असेल तर चार दिवसांनीं यावें, आणि मुका घेऊं नये. मोठ्या माणसास जो साधा खोकला वाटतो तो कधीं डांग्या खोकला असतो. त्यावरील पहिली लस मुलास सहाव्या आठवड्यांत मिळते, तोंवर तें उघडें असतें. ओठांवरील फोडाचा विषारहि तान्ह्याच्या जिवावर बेततो. हें सांगण्याचें काम बाळंतिणीवर टाकूं नये. सासूनें सांगावें, तिचें ऐकतात.

गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांस शिकवून नवजात मुलांची शुश्रूषा घरोघर चालविली. हात धुणें, मुलास ऊब देणें, आजार वेळीं ओळखणें आणि जरूर तेथें औषध टोंचणें, असें त्याचें स्वरूप. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें ३९ गांवांत तिसऱ्या वर्षीं नवजात मुलांचे मृत्यु, तुलनेच्या गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटले. मुलास हात लावणारी बाई येथेंही गांवचीच. विळ्याच्या जागीं तिच्याजवळ साबण, वजनकांटा व घड्याळ आलें. आणि रुग्णालयांत आई थकली असतां आतां आजीस, मावशीस, इतकेंच नव्हे तर बापासही सदरा काढून खुर्चीवर बसवितात आणि मूठभर वजनाचें मूल त्याच्या छातीशीं बांधून देतात.