असेंब्ली हॉल (स्टेट फार्म सेंटर), इलिनॉय विद्यापीठ

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे बहुउद्देशीय बंदिस्त क्रीडागृह. शिकागोच्या दक्षिणेस सुमारे 220 किमी.वर शॅम्पेन व अर्बाना ही जुळी गावे आहेत. त्या दोहोंत पसरलेल्या विद्यापीठ-परिसराच्या दक्षिण भागात, मेमोरियल स्टेडियम या फुटबॉल मैदानासमोर ही वास्तू उभी आहे. बास्केटबॉलचे सामने, मैफली, नाटके, सर्कस, पदवीदान असे सारे तेथे एकाच घुमटाखाली होत आले आहे. 2013 पासून तिचे अधिकृत नाव स्टेट फार्म सेंटर असले, तरी प्रस्तुत नोंदीत असेंब्ली हॉल हेच नाव वापरले आहे. ती कशासाठी बांधली गेली, हे त्या नावातच सांगितले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली आणि सर्वांना एकत्र बसता येईल असे छप्पर विद्यापीठाकडे उरले नाही. बास्केटबॉलचे सामने 1925 मध्ये उभारलेल्या हफ जिम्नॅशियममध्ये होत. त्यात जेमतेम सात हजार प्रेक्षक मावत. नव्या सभागृहाचा आराखडा मॅक्स अब्रामोविट्झ या वास्तुशिल्पज्ञाकडे सोपविण्यात आला. ते याच विद्यापीठाचे 1929 सालचे पदवीधर. न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाच्या कामात ते वॉलेस हॅरिसन यांचे सहकारी होते आणि लिंकन सेंटरमधील फिलहार्मोनिक हॉल (1962) हीही त्यांचीच रचना. संरचनेचे गणित अम्मान अँड व्हिटनी या अभियंता-संस्थेने मांडले. 1959 मध्ये काम सुरू झाले आणि मार्च 1963 मध्ये सभागृह खुले झाले. 4 मार्च रोजी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध येथील पहिला बास्केटबॉल सामना खेळला गेला.

या वास्तूचे खरे मोल तिच्या रचनेत आहे. एका वाटीवर तेवढ्याच तोंडाची दुसरी वाटी पालथी घालावी, तसा तिचा घाट आहे. खालच्या वाटीत प्रेक्षकांच्या पायऱ्या, वरची वाटी म्हणजे घुमट. घुमटाचा व्यास 400 फूट (सुमारे 122 मी.) आणि मध्यावरची उंची जमिनीपासून 128 फूट (39 मी.). विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आकाराची कल्पना येण्यासाठी एवढे पुरे की त्या घुमटाचा आतील व्यास सुमारे 38 मी. आहे. एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही. काँक्रीटची जाडी तर अवघी साडेतीन इंच आहे. इतके पातळ कवच उभे राहते ते त्याला दिलेल्या घड्यांमुळे. सपाट पत्रा हाताने वाकतो, पण पन्हाळी पत्रा माणसाचे वजन पेलतो. तेच तत्त्व येथे मध्यापासून कडेपर्यंत किरणांसारख्या गेलेल्या घड्यांत आहे.

तरीही मुख्य अडचण उरतेच. घुमट स्वतःच्या वजनाने कडेला बाहेर रेटतो. जुन्या काळी हा रेटा अंगावर घ्यायला कित्येक फूट जाडीच्या भिंती बांधत. येथे तशी भिंत नाही, आणि खालची वाटीही बाहेरच झुकलेली आहे. म्हणून दोन्ही वाट्या जिथे मिळतात त्या कडेभोवती पोलादी तार ताणून गुंडाळण्यात आली. तिची एकूण लांबी 614 मैल, म्हणजे सुमारे 988 किमी. आहे, घेराच्या हिशेबाने हे अडीच हजारांच्या आसपास वेढे होतात. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो. ती निवताना आकसते आणि चाकाचे सारे तुकडे एकमेकांवर घट्ट आवळते. असेंब्ली हॉलच्या कडेवरची ताणलेली तार हेच काम करते. घुमट बाहेर रेटतो, तार त्याला आत आवळते आणि दोन्ही बळे एकमेकांना तोलतात. कडेला आधार दिलेल्या काँक्रीट-घुमटांत हा त्या काळातील जगातला अग्रगण्य प्रयोग होता, आणि साठ वर्षांहून अधिक काळ तो निर्वेध उभा आहे.

दालन एकाहून अधिक कामांना येते, त्याचे मूळही याच तारेत आहे. खांब नसल्याने कोणत्याही जागेवरून दृष्टी अडत नाही. मध्यभागी लाकडी पट्ट्यांचे मैदान अंथरले की बास्केटबॉल, ते उचलले की मैफलीचा मंच. दालनाचा चतुर्थांश भाग पडद्यांनी वेगळा करून तेथे नाट्यगृह करण्याची सोयही मूळ आराखड्यातच होती. बहुउद्देशीय म्हणून बांधलेल्या अनेक इमारती प्रत्यक्षात एकाच कामाच्या उरतात. हिच्याबाबत तसे झाले नाही. एल्विस प्रेस्ली यांचा कार्यक्रम येथे ऑक्टोबर 1976 मध्ये झाला.

खेळाच्या बाजूने 1 डिसेंबर 2004 ची रात्र विशेष. त्या वेळी देशात अव्वल मानल्या गेलेल्या वेक फॉरेस्ट संघाला इलिनॉयने येथे 91–73 असे हरवले. त्या हंगामात इलिनॉय संघ घरच्या मैदानावर अजिंक्य राहिला. ऑरेंज क्रश हा विद्यार्थी-प्रेक्षकांचा गट नारिंगी कपड्यांत मैदानालगत उभा राहून सामना गाजवतो. प्रदीर्घ काळ प्रशिक्षक असलेल्या लू हेन्सन यांचे नाव 2015 मध्ये मैदानाला देण्यात आले.

2013 मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीने तीस वर्षांसाठी सहा कोटी डॉलर देऊ केले आणि सभागृहाचे नाव बदलले. 2014 ते 2016 या काळात टप्प्याटप्प्याने नूतनीकरण झाले. वातानुकूलन प्रथमच आले, आसने बदलली, प्रेक्षकक्षमता 15,544 झाली. घुमट मात्र मूळ रूपात राखला गेला. हे काम गरजेचेच होते. पण सर्वांच्या एकत्र येण्यासाठी बांधलेल्या सार्वजनिक वास्तूचे अर्थपूर्ण नाव पुसले जाणे ही हानीच होय.

राज्यातील शालेय मुलांच्या बास्केटबॉल स्पर्धेची अंतिम फेरी 1963 पासून येथेच होई. आज देशभर रूढ असलेला ‘मार्च मॅडनेस’ हा शब्दप्रयोग हेन्री पोर्टर यांनी 1939 मध्ये याच स्पर्धेला उद्देशून केला होता. 1995 नंतर ती फेरी पिओरिया शहरात गेली आणि 2022 मध्ये पुन्हा या घुमटाखाली परत आली.