सुश्रुताचे अर्बुद आणि १९१७ चे नगर

‘कर्करोगाला शस्त्रक्रिया नको, आयुर्वेदात पर्याय आहे,’ असे आज छातीठोकपणे सांगितले जाते. आयुर्वेद एका बाजूला आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या बाजूला, ही वाटणी मात्र सुश्रुताच्या ग्रंथात सापडत नाही. आपल्याकडे ती घट्ट करण्यात मुंबई इलाख्यातील कायद्यांचा वाटा मोठा होता.

१९१२ च्या कायद्याने डॉक्टरांची सरकारी नोंदवही सुरू झाली. तिच्यात स्थान मिळाले ते पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांना. आयुर्वेद महाविद्यालयाशी संबंध ठेवला म्हणून डॉ. पोपट प्रभुराम यांचे नाव तिच्यातून वगळण्यात आले. अशा वातावरणात, १९१७ साली, वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी अहमदनगरला आयुर्वेद महाविद्यालय काढले. वैद्यांना नोंदणीचा कायदा मिळायला त्यानंतर १९३८ उजाडावे लागले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले ते १९४१ मध्ये. तोवर दोन वैद्यकांच्या दोन नोंदवह्या झाल्या होत्या.

नगरला वैद्यकाच्या अनेक परंपरा नव्या नव्हत्या. निजामशाहीच्या आश्रयाने हकीम रुस्तम जुर्जानी यांनी ‘जखीरा-ए-निजामशाही’ हा फारसी वैद्यकग्रंथ रचला होता. हकिमांच्या भाषेत या रोगाचे नाव ‘सरतान’, म्हणजे खेकडा. ग्रीक ‘कार्किनोस’ आणि आपला ‘कर्करोग’ यांतही तोच प्राणी आहे.

आयुर्वेदाचा शब्द वेगळा : अर्बुद. आजच्या कर्करोगाशी तो तंतोतंत जुळत नाही, साध्या गाठीही त्यात येतात. तरी सुश्रुताने केलेले वर्णन थक्क करते. वाटोळे, न हलणारे, फारसे न दुखणारे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे. एका अर्बुदावर दुसरे उद्भवले तर ते असाध्य. रक्तार्बुद आणि मांसार्बुदही असाध्यच. जे साध्य, त्यावर लेप, शेक आहेत. पण शस्त्र, क्षार आणि अग्नीही आहेत. शिवाय एक सक्त ताकीद आहे : अर्बुद समूळ काढावे. थोडेही उरले तर ते पुन्हा वेगाने वाढते आणि विझवायचा राहिलेल्या निखाऱ्याप्रमाणे घात करते.

हे लिहिणारा शल्यचिकित्सक होता. शस्त्र टाळण्यासाठी त्याचेच नाव घेतले जावे, हा इतिहासाचा विपर्यासच म्हणावा लागेल.

पूरक उपचारांची गोष्ट निराळी. मुख्य उपचार चालू असताना थकवा, चिंता, निद्रानाश यांवर योगासारख्या साधनांचा उपयोग होतो. डॉक्टरांना विचारून त्यांचा आधार घेण्यात विरोध कसला? प्रश्न आहे तो मुख्य उपचार नाकारण्याचा. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे २८१ रुग्ण होते. रोग शरीरात दूरवर पसरलेला नसतानाही त्यांनी केवळ पर्यायी उपचार निवडले होते. प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तर पाचपटींहून अधिक.