मृत्युपत्र, प्रोबेट आणि आपला समाज

घरातील कर्ते माणूस प्रभूकडे जाते, दफनविधी आटोपतो, महिन्याची मिस्साही होते, आणि मग घरच्यांचे लक्ष पेटीतल्या कागदांकडे वळते. सातबाऱ्याचे उतारे, बँकेची पासबुके आणि असलेच तर एखादे मृत्युपत्र. ते उघडून वाचले जात असतानाच कोणी जाणता म्हणतो, 'याला प्रोबेट लागेल.' हा शब्द आपल्या समाजाने शेजारच्या हिंदू बांधवांपेक्षा कितीतरी अधिक धास्तीने ऐकला आहे. ती धास्ती अनाठायी नव्हती.

प्रोबेट हा मूळ लॅटिन शब्द. प्रोबारे म्हणजे पारखणे, सिद्ध करणे. मृत्युपत्र अस्सल आहे आणि ते करणाऱ्याने शुद्धीवर असताना, रीतसर केले आहे, असे न्यायालयाने पारखून दिलेला शिक्क्याचा दाखला म्हणजे प्रोबेट. मृत्युपत्राची प्रत त्यालाच जोडलेली असते आणि तो मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाला मिळतो. इंग्लंडमध्ये हे काम शतकानुशतके ख्रिस्तसभेच्या न्यायालयांकडे होते. सरकारी न्यायालयाकडे ते गेले जानेवारी 1858 मध्ये. मुंबई बेटावर 1726 च्या सनदेने स्थापन झालेल्या मेयर्स कोर्टाला प्रोबेट देण्याचा अधिकार मिळाला. तोच अधिकार पुढे रेकॉर्डर्स कोर्ट आणि सुप्रीम कोर्ट यांच्या हातून 1862 साली उच्च न्यायालयाकडे आला.

परंतु बेटाबाहेरच्या देशी ख्रिस्ती माणसाचे काय? तो मरण पावल्यावर त्याच्या मिळकतीला कोणता कायदा लावायचा, हे दीर्घकाळ कोणालाच नीट ठाऊक नव्हते. या प्रश्नाचा निकाल लागला तो बळ्ळारीच्या एका घरातील भांडणामुळे. मॅथ्यू अब्राहम हा तेथील देशी ख्रिस्ती व्यापारी 1842 साली मृत्युपत्र न करता वारला. त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस धंद्यात त्याच्याबरोबर होता. तो म्हणू लागला की आमचे पूर्वज हिंदू, आम्ही एकत्र कुटुंबातले, तेव्हा हिंदू कायद्याने मिळकतीत माझा हिस्सा आहे. मॅथ्यूची विधवा शार्लट हिने ते मानले नाही. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1863 साली निर्णय आला: ख्रिस्ती झालेल्या माणसावर हिंदू कायद्याचे बंधन उरत नाही, त्याला वाटल्यास तो जुनी रीत पाळू शकतो किंवा सोडू शकतो, आणि त्याने कोणती पाळली हे त्याच्या वागण्यावरून पाहायचे. फ्रान्सिसचा एकत्र कुटुंबाचा दावा टिकला नाही. दिराविरुद्ध एक विधवा लढली, हे मला त्या निकालातील कायद्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

निकालाने दिलेली मोकळीक फार दिवस राहिली नाही. 1865 चा भारतीय उत्तराधिकार कायदा 1 जानेवारी 1866 पासून अमलात आला. त्याचा साचा इंग्लंडचा होता. हिंदू, मुसलमान व बौद्ध यांना त्यातून वगळले होते आणि मृत्युपत्रावाचून मेलेल्या पारशांसाठी त्याच वर्षी वेगळा कायदा झाला. उरले ते युरोपियन, युरेशियन आणि आपण. कूर्गमधील देशी ख्रिस्ती लोकांना 1868 साली त्यातून सूट मिळाली, आपल्याला नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुंबई-कलकत्त्याचा साहेब होता. खाडीकाठी भात पिकवणारा आणि बावखलाचे पाणी वाडीला देणारा ख्रिस्ती त्यांच्या कल्पनेत तरी असेल का, अशी मला शंका आहे.

परिणाम असा झाला की मृत्युपत्रावरून न्यायालयात हक्क सांगायचा तर ख्रिस्ती माणसाला आधी प्रोबेट आणावे लागे. मृत्युपत्र नसले तरी सुटका नव्हती. तेव्हा 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन' हा दुसरा दाखला काढावा लागे. ही दुसरी सक्ती 1901 च्या कायद्याने उठली. पहिली मात्र 1925 च्या नव्या कायद्यात कलम 213 म्हणून कायम राहिली. हिंदूंना ती सक्ती होती, पण मुख्यत्वे मुंबई, मद्रास ही शहरे आणि बंगाल एवढ्यापुरती. म्हणजे वसईतील एकाच गावी, एकाच बांधावर दोन बागायतदार असले आणि दोघांनी मृत्युपत्र केले, तर हिंदू शेतकऱ्याच्या मुलाला प्रोबेटची गरज नसे. ख्रिस्ती शेतकऱ्याच्या मुलाला जिल्हा न्यायाधीशापुढे अर्ज करावा लागे, आणि त्यासाठी बहुधा ठाणे गाठावे लागे.

अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मिळकतीची किमतीसह यादी आणि दोन साक्षीदारांपैकी निदान एकाचे प्रतिज्ञापत्र. साक्षीदार हयात नसला किंवा आखातात नोकरीला गेलेला असला की धावपळ दुप्पट. मग नोटीस लागे. कोणी हरकत घेतली की अर्जाचा दावा होई, आणि दाव्याला वर्षांचा हिशेब नसे. शिवाय मिळकतीच्या किमतीवर कोर्ट फी. जमीन पुष्कळ आणि हातात रोकड नाही, अशा घराने काय करावे? पुष्कळांनी मृत्युपत्र करणेच सोडून दिले.

आम्हा धर्मगुरूंविषयी या कायद्याचे एक स्वतंत्र मत होते. पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचा नातलग असलेल्या माणसाला धर्मादाय कार्यासाठी काही ठेवायचे असेल तर मृत्युपत्र मरणाच्या बारा महिने आधी केलेले असावे, अशी अट कलम 118 मध्ये होती. मरणशय्येपाशी बसलेला पाद्री कानात काय सांगेल, हा तो जुना संशय. इंग्लंडच्या संसदेने 1736 सालीच त्याला कायद्याचे रूप दिले होते. तो संशय सर्वस्वी निराधार होता असे मी म्हणणार नाही. पण तो एका समाजापुरताच का धरावा? केरळमधील फादर जॉन वल्लमट्टम यांनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि 2003 साली ते कलम रद्द झाले.

प्रोबेटच्या सक्तीचा भेदभावही त्याच न्यायालयापुढे गेला होता, पण 2001 मध्ये तो आक्षेप फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी, 2002 साली, संसदेने दुरुस्ती करून भारतीय ख्रिस्ती लोकांना कलम 213 मधून मुक्त केले. एकशेछत्तीस वर्षांनी आपण शेजाऱ्याच्या बरोबरीला आलो. डिसेंबर 2025 मध्ये तर ते कलमच कायद्यातून गेले. ज्याला हवे तो आजही प्रोबेट घेऊ शकतो. वाद संभवत असेल तर घेणे शहाणपणाचेही आहे.

गोव्याच्या बांधवांना हा शब्द परका आहे. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने मृत्युपत्र नोटरीपुढे नोंदले जाते, निम्मी मिळकत कायद्यानेच वारसांसाठी राखलेली असते आणि वाटणी इन्व्हेंटरीच्या कामात होते. मुलीला वगळायचे म्हटले तरी तिचा राखीव वाटा बुडवता येत नाही. वसई 1739 सालीच पोर्तुगीजांच्या हातून गेली, त्यामुळे 1867 ची ती संहिता आपल्याला कधी लागलीच नाही.

येथेच मुलींचा विषय निघतो. ज्या 1865 च्या कायद्याने आपल्याला प्रोबेटच्या खर्चात टाकले, त्यानेच मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा दिला. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेले सर्व मुलांना सारखे. दोन मुलगे व एक मुलगी असेल तर प्रत्येकी दोन नवमांश. कायदा निर्दोष नाही: निपुत्रिक मुलगा वारला आणि वडील हयात असले तर आईला त्याच्या मिळकतीत काहीच मिळत नाही. तरीही गणना ग्रंथातील सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून जे मागितले, ते आपल्या मुलींना न मागता 1866 पासून कागदावर मिळालेले आहे.

प्रोबेटचा खर्च आणि हेलपाटे यांची तरफदारी मी करणार नाही. परंतु त्या प्रक्रियेत न्यायालयाची नोटीस निघे आणि ज्यांचा संबंध पोहोचतो त्या सर्वांना पुढे येण्याची संधी मिळे, सासरी गेलेल्या मुलीलाही. आता मृत्युपत्र थेट ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो, फेरफारासाठी जाते. तेथेही नोटीस असते, पण दूर दिलेल्या मुलीला ती कळेलच असे नाही. मृत्युपत्र नसेल तर हक्कसोडपत्र तयार होते.

मृत्युपत्र करणाऱ्यांनी दोन गोष्टी जरूर लक्षात ठेवाव्यात, कारण ख्रिस्ती माणसाला त्या आजही लागू आहेत. मृत्युपत्रानंतर विवाह केला तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होते. पुनर्विवाह करणाऱ्या विधुरांच्या हे क्वचितच ध्यानात असते. आणि ज्याला काही ठेवले आहे त्याने, किंवा त्याच्या पत्नीने वा पतीने, साक्षीदार म्हणून सही केली तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला ठेवलेले त्याच्या हातून जाते.

हक्कसोडपत्राची बोलणी कानावर आली की मुलीला तिचा हिस्सा किती होतो हे कोणी सांगितले आहे का, असे मी अलीकडे विचारतो. उत्तर बहुधा आईकडून येते: 'फादर, तिला कळते सगळे. पण भावाकडे येणे-जाणे राहायला हवे ना?'