कात्री, कुपनं आणि प्लेसूट

या वीकेंडला कोड बाजूला ठेवून कपड्यांबद्दल लिहितोय. इंग्लंड-अमेरिकेत अनेकींना एक छंद आहे. सेकंडहँड दुकानातून जुना लांब ड्रेस स्वस्तात आणायचा आणि तो कापून १९४०च्या धर्तीचा उन्हाळी प्लेसूट शिवायचा. प्लेसूट म्हणजे वर ब्लाउज, खाली शॉर्ट्स आणि दोन्ही कमरेत जोडलेलं. फोटो मस्त दिसतात. पण यातलं ‘विंटेज’ नेमकं काय, ते शोधायला गेलो आणि थेट दुसऱ्या महायुद्धात पोचलो.

प्लेसूट काही युद्धामुळे जन्मला नाही. १९३०च्या दशकातच तो समुद्रकिनाऱ्यावर दिसत होता. युद्धाने बदललं ते कापडाचं गणित.

ब्रिटनमध्ये १ जून १९४१ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. मोठ्या माणसाला वर्षाला ६६ कुपनं. लोकरीच्या ड्रेसला ११, सुती ड्रेसला ७. आणि पैसे द्यायचे ते वेगळेच! पुढे कुपनं कमीच होत गेली. सप्टेंबर १९४५ ते एप्रिल १९४६ या आठ महिन्यांना मिळून फक्त २४. म्हणजे युद्ध जिंकल्यानंतर, बरं का. रेशनिंग संपलं मार्च १९४९मध्ये.

जुन्या कपड्यांना मात्र, किंमत ठरलेल्या मर्यादेत असेल तर, कुपन लागत नसे. इथे कात्रीला भाव आला. १९४३मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिकाच काढली: उसवा, उलटा, जोडा, पुन्हा वापरा.

अमेरिकेतही १९४२च्या ‘एल-८५’ नियमाने बायकांच्या कपड्यांत किती कापड वापरायचं यावर मर्यादा आली. त्याच काळात क्लेअर मॅकार्डेल ही डिझायनर डेनिम आणि साध्या सुती कापडातून वावरायला सोपे कपडे करत होती. त्यात प्लेसूटही होते.

आता गंमत बघा. कपडा आधी कुठे विरतो? कोपरावर, काखेत, कॉलरला, खालच्या काठाला. तेवढं कापून टाकलं की उरतो बिनबाह्यांचा, आखूड कपडा. म्हणजे उन्हाळीच! ड्रेसच्या घेरात शॉर्ट्सपुरतं कापड सहज निघतं. लांबी कमी पडली तर कमरेत वेगळ्या कापडाचा पट्टा घालायचा, नाहीतर बसताना कपडा ओढला जातो. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या, त्यामागेही हाच हिशोब: विरलेलं सोडायचं, धड ते वापरायचं.

पण मला एक गोष्ट खटकते. ‘जुन्याचं नवं करा’ हा सल्ला ज्यांच्याकडे कपाटभर जुनं होतं त्यांना सोपा होता. गरीब घरातल्या बायका तर युद्धाआधीपासून ठिगळंच लावत होत्या. त्यांना सरकारने नवीन काय शिकवलं?

आजही तेच. सेकंडहँड दुकानातला धडधाकट, मोठ्या मापाचा ड्रेस आपण हौसेने कापतो, तेव्हा तो कपडा म्हणूनच हवा असलेल्या कुणाच्या तरी हातून जातो. तेव्हा मंडळी, प्लेसूट जरूर शिवा, पण विरलेला, डागाळलेला, कुणीच न घेतलेला ड्रेस उचला. १९४०च्या बायकांनी धड कपड्याला कात्री लावली नसती. विंटेज म्हणायचं तर ते खरं विंटेज!