विमानांतील यंत्रांचें मौन

विमान धावपट्टीकडे वळलें कीं ‘आपल्याजवळचीं विजेचीं उपकरणें बंद करा’ अशी आज्ञा होई. प्रवासी ती निमूटपणें पाळीत. कांहीं जण पाळल्याचें सोंग करीत. हा रिवाज जवळजवळ अर्धें शतक चालला. त्यास मूळ कारण कोण, असें विचारल्यास बहुतेक लोक मोबाइल फोनकडे बोट दाखवितील. परंतु तो बिचारा फार मागाहून आला. मूळ अपराधी म्हणजे ज्याच्यापुढें बसून आपण भाषणें ऐकतों, तो रेडिओचा संचच होय!

अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पुढील दशकांत हातांत मावणारे संच निघाले व प्रवासी ते विमानांतही लावूं लागले. संच नुसता ऐकतो, बोलत कधींच नाहीं, अशी आपली समजूत असते. पण ती खरी नाहीं. बाहेरून येणारी लहर पकडावयाची तर संचाच्या पोटांत त्याची स्वतःची एक लहर निर्माण करावी लागते, आणि या दोहोंच्या मिश्रणांतून गाणें वेगळें काढतां येतें. एफ. एम. संचांत ही आंतली लहर बहुधा १०.७ मेगाहर्ट्झनें वरची असते. आतां थोडें गणित करूं. अमेरिकेंत एफ. एम. केंद्रें ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत बोलतात. एखाद्या रसिकानें १०० वर संगीत लावलें, तर त्याच्या संचांतून ११०.७ ची बारीक कुजबूज बाहेर पडणार. आणि १०८ ते ११८ हा पट्टा नेमका विमानांस दिशा दाखविणाऱ्या भूमीवरील केंद्रांचा! उतरतांना धावपट्टीची मध्यरेषा सांगणारा संदेशही १०८ ते ११२ च्या दरम्यानच येतो. दूरच्या केंद्राचा क्षीण स्वर एकीकडे व विमानाच्या पोटांतलीच कुजबूज दुसरीकडे. काटा कोणाचें ऐकेल, याची शाश्वती कोणीं द्यावी?

म्हणून अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यानें १९६१ सालीं अशा एफ. एम. संचांस बंदी केली. १९६६ त नियम व्यापक झाला. ऐकण्याचें यंत्र, हृदयाचा पेसमेकर, विजेचा वस्तरा व ध्वनिमुद्रण करणारें लहान यंत्र एवढ्यांस सूट मिळाली. बाकीच्या उपकरणांपासून उपद्रव नाहीं याची खात्री विमान चालविणाऱ्यानें करून घ्यावी, असें ठरलें. ही मेख मोठी होती. बाजारांत नित्य नवीं येणारीं यंत्रें कोणती कंपनी तपासणार? उंचावर काटा ढळला तर सांवरण्यास अवधि असतो. भूमीजवळ, त्यांतून ढगांत, तो नसतो. तेव्हां उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळीं सरसकट मौन, हाच सोपा मार्ग ठरला.

मोबाइल फोनवरील १९९१ ची अमेरिकन बंदी निराळी. उंचावरील फोन एकाच वेळीं भूमीवरच्या अनेक मनोऱ्यांस दिसतो व त्यांची व्यवस्था बिघडवूं शकतो, अशी दळणवळण आयोगाची तक्रार होती. लोकांनीं दोन्ही नियम एकत्र कालविले.

आतां अडचणीचा प्रश्न. प्रवाशाच्या यंत्रानें अपघात झाल्याचें निर्विवाद सिद्ध झालें आहे काय? नाहीं. काटे ढळल्याच्या तक्रारी मात्र वैमानिकांनीं केल्या. बोइंग कंपनीनें तर संशयित यंत्र प्रवाशाकडूनच विकत घेऊन तपासून पाहिलें. पण तो दोष पुन्हां घडवून आणतां आला नाहीं. असा हा नियम: सिद्धही होईना आणि सोडवेहीना. माझ्या मतें सावधगिरी योग्यच होती. चूक झाली ती मौनाचें कारणही मौनांतच ठेवण्यांत. कारण न कळलेली आज्ञा लोकांस लहर वाटते, आणि मग फोन बंद न होतां नुसता उशीखालीं जातो.

३१ ऑक्टोबर १९१३ नव्हे, २०१३! शंभर वर्षांची माझी चूक श्रोत्यांनीं क्षमा करावी. त्या दिवशीं अमेरिकन खात्यानें घोषणा केली कीं, आपलीं विमानें अशा लहरींस दाद देत नाहींत, हें ज्या कंपन्या दाखवितील, त्यांनीं लहान उपकरणें प्रवासभर चालूं द्यावींत. फोनचें प्रक्षेपण मात्र बंद असावें. भारतांतही २०१४ च्या एप्रिलांत तशी मुभा मिळाली. जड लॅपटॉप उतरतांना आवरून ठेवावे लागतात, तें लहरींमुळें नव्हे, तर धक्का बसल्यास ते डोक्यावर आदळूं नयेत म्हणून. आणि दृष्टि पोंचेनाशी होईल असें धुकें धावपट्टीवर उतरलें असेल, तर सर्व यंत्रें पुरतीं बंद करण्यास सांगण्याची तरतूद त्या अमेरिकन घोषणेंतही राखून ठेवलेली होती.