बाष्पीभवन : अर्थ व व्युत्पत्ती
द्रवाच्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळण्याची क्रिया. उत्कलन ठराविक तापमानास होते व द्रवाच्या अंतर्भागातही घडते. बाष्पीभवन मात्र कोणत्याही तापमानास चालते. बोलीत दोहोंनाही ‘वाफ होणे’ म्हणत असल्याने शास्त्रीय लेखनास निराळी संज्ञा लागली.

‘बाष्प’ शब्दास संस्कृतातील च्वि प्रत्यय व ‘भू’ धातू जोडून ती सिद्ध होते. पूर्वी जे बाष्प नव्हते ते बाष्प होणे, हा अर्थ या प्रत्ययामुळे येतो व अकाराचा ईकार होतो. हा ईकार गाळल्यास ‘वाफेचे घर’ असा भलताच अर्थ निघेल.

संस्कृतात बाष्प म्हणजे वाफ व अश्रूही. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात या दोन अर्थांची रूपे वेगळी दिली आहेत : अश्रू तो ‘बाह’, ऊष्मा तो ‘बप्फ’. मराठी ‘वाफ’ व गुजराती ‘बाफ’ हे शब्द दुसऱ्या रूपाकडे जातात. अश्रूंचा अर्थ मराठीत ‘बाष्पगद्गद’सारख्या संस्कृत समासांपुरता उरला. ‘वाफ’ व लॅटिन ‘वापोर’ यांतील साम्य फसवे आहे; मराठी शब्दाचा आद्य वर्ण मुळात ‘ब’ असल्याचे प्राकृत रूपावरून दिसते.

सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू शेतीत या क्रियेस ‘ओल उडणे’ म्हणतात. तेथील काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात व पुढे ती बहुतांशी साठलेल्या ओलीवरच वाढते. पावसानंतर जादा पाणी निचरून व सुकून रान पेरणीजोगे झाले, की ‘वापसा’ आला असे म्हणतात. त्याआधी पाभर घातल्यास माती चिकटते. उशीर केल्यास बी कोरड्यात पडते. ‘वाफसा’ या पर्यायी रूपामुळे या शब्दाचा संबंध वाफेशी जोडला जातो; परंतु संस्कृतात ‘वाप’ म्हणजे पेरणी, आणि हा संबंधही तितकाच संभवनीय आहे.

जमीन भेगाळल्यावर ओल अधिक वेगाने उडते. कोळप्याने भेगा बुजवून भुसभुशीत मातीचा थर राखल्यास ती टिकते. सोलापूर येथे १९३३ मध्ये सुरू झालेल्या कोरडवाहू शेतीच्या संशोधनात ओल टिकविणे हाच मध्यवर्ती प्रश्न होता. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण शेतकऱ्यांत रूढ आहे. उजनीसारख्या विस्तीर्ण जलाशयाच्या हिशेबात मात्र उन्हाळ्यात हवेत जाणारे पाणी ‘बाष्पीभवन’ या सदराखालीच मांडले जाते.