नेटवर्क कार्ड : फ्रीबीएसडीवरील निवड व मांडणी

फ्रीबीएसडी या युनिक्ससदृश प्रणालीसाठी नेटवर्क कार्ड घेताना खोक्यावरचे नाव पाहून भागत नाही. कार्डावर कोणती चिप आहे ते पाहावे लागते, कारण ड्रायव्हर लिहिला जातो तो चिपसाठी. लिंक्सिसच्या एलएनई१००टीएक्स या कार्डाच्या एका आवृत्तीत लाइट-ऑनची चिप होती, चौथ्या आवृत्तीत एडीएमटेकची. नाव मात्र तेच. म्हणून खरेदीपूर्वी त्या चिपच्या ड्रायव्हरचे मॅन्युअल पान उघडावे. चालणाऱ्या चिपांची यादी तिथे असते.

ड्रायव्हरवरची ही भिस्त इंटरफेसच्या नावांतही उतरली आहे. लिनक्सच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक इथरनेट कार्ड ‘ईटीएच’च होते. फ्रीबीएसडीत इंटरफेसला ड्रायव्हरचे नाव मिळते आणि मोजणी शून्यापासून होते : इंटेलच्या गिगाबिट चिपांसाठी ‘ईएम०’, रिअलटेकच्या गिगाबिट चिपांसाठी ‘आरई०’. यंत्रात काय बसवले आहे ते नावावरूनच कळते, ही सोय फार मोलाची आहे.

स्वस्त आणि चांगल्या चिपांमधला फरक पाहायचा तर रिअलटेक ८१३९ घ्यावी. १०० मेगाबिटच्या काळात ती घरोघरी होती. पाठवायचे पॅकेट मेमरीत ४ बाइटांच्या सीमेवरच सुरू व्हावे, अशी तिची अट. ते तसे नसेल तर ड्रायव्हरला आधी त्याची प्रत करावी लागे. आलेली पॅकेटे ती एकाच सलग बफरमध्ये ओतत जाई, तिथून ती पुन्हा उचलून ठेवायची. हे सगळे प्रोसेसरच्या माथी. ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी सोर्समधील टिपणीत या चिपेवर कडक ताशेरे ओढले आहेत, आणि ते रास्तच आहेत. पुढच्या ८१६९ मालिकेत ही रचना सुधारली.

कार्ड बसवल्यावर ‘पीसीआयकॉन्फ’ ही आज्ञा ‘-एलव्ही’ पर्यायासह द्यावी. कार्डापुढे ‘नन०’ दिसले तर त्याला ड्रायव्हर मिळालेला नाही. बहुतेक ड्रायव्हर जेनेरिक कर्नलमध्ये असतातच; नसलेला मॉड्यूल ‘लोडर.कॉन्फ’मध्ये नोंदवून बूट होताना चढवता येतो. पत्ता ‘आरसी.कॉन्फ’मध्ये लिहायचा : ‘आयएफकॉन्फिग_ईएम०’पुढे ‘डीएचसीपी’, किंवा कायमचा आयपी पत्ता आणि नेटमास्क. कायमचा पत्ता दिला तर ‘डिफॉल्टराउटर’ ही ओळ आणि ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये नेमसर्व्हर विसरू नये. मग ‘नेटइफ’ आणि ‘राउटिंग’ या सेवा पुन्हा सुरू कराव्यात.

एवढे करूनही नेटवर्क रखडत असेल तर डुप्लेक्स तपासावा, म्हणजे तारेवर दोन्ही दिशांना एकाच वेळी (फुल) की आळीपाळीने (हाफ) वाहतूक होते ते. तारेच्या एका टोकाला फुल डुप्लेक्स हाताने ठरवलेला आणि दुसरे टोक ऑटोनिगोशिएशनवर, म्हणजे आपसात ठरवण्यावर, असे झाले की दुसऱ्या टोकाला उत्तर मिळत नाही आणि ते हाफ डुप्लेक्सवर उतरते. पिंग व्यवस्थित चालते, मोठी फाइल पाठवताना मात्र टकरी होऊन वेग कोसळतो. तेव्हा दोन्ही टोके ऑटोवरच ठेवावीत. तांब्याच्या तारेवरील गिगाबिट इथरनेटमध्ये ऑटोनिगोशिएशन सक्तीचेच आहे.